पुढचं जोत

चांदेराईपासून काजळी नदीच्या काठाने वर गेलं की एका बाजूला डोंगरउतारावरच्या वाड्या आणि खाली नदीपर्यंत उतरत गेलेले भाताचे मळे, असा मुलूख लागतो. त्यातल्या एका वाडीची ही गोष्ट. माणसं मी रचलेली आहेत. तो चिखल, तो रोग आणि त्या गोळ्या मात्र रचलेल्या नाहीत.

वाडीत तात्यांचं जोत पुढे असायचं. लावणीच्या दिवसांत मळ्यात चार जोतं उतरली तर पहिला तास तात्यांच्या बैलांचा, बाकीचे त्यांच्या मागून. हा मान त्यांनी कमावलेला होता. पऱ्यापलीकडच्या काकीचा नवरा वारला त्या सालापासून तिचा मळा तेच नांगरून देत, तोही स्वतःच्या मळ्याआधी. त्याचा एक पैसा त्यांनी कधी घेतला नाही. बांधावरून कुणाचं वाजलं, कुणाचं लग्न ठरत नसलं, शिमग्यात पालखी आधी कुणाच्या अंगणात न्यायची यावर अडलं, की वाडी तात्यांच्या तोंडाकडे बघायची. वाईट माणसाची ही गोष्ट नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तात्यांची थोरली सून वाडीची आशा स्वयंसेविका. लग्न होऊन आली तेव्हा बारावी झालेली, पुढे आरोग्य खात्याचं प्रशिक्षण घेतलेलं. बाळंतिणीच्या घरी जायचं, तान्ह्या पोराचं वजन घ्यायचं, कुणाला ताप आहे का ते विचारत फिरायचं, ही तिची कामं. वाडी तिला ‘थोरली’ म्हणायची. प्रेमाने म्हणायची, पण ऐकायची मात्र घरच्या मुलीचं ऐकावं तितपतच.

आषाढ लागला, पाऊस धरला, आणि थोरली लेप्टोचा ताप टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांचा डबा घेऊन आली. आठवड्यातून एकदा, १०० मिलिग्रॅमच्या दोन, जेवणावर, तांब्याभर पाण्यासोबत, लावणी संपेपर्यंत. गरोदर बायकांना आणि लहान पोरांना द्यायच्या नाहीत. सगळं समजावून तिने पहिली पुडी सासऱ्यांपुढे धरली. सुरुवात घरातून व्हावी म्हणून.

“बाय, माझा जन्म चिखलात गेला,” तात्या म्हणाले. “कुठचा लेप्टो अजून मला शिवला नाय. तुला डबा संपवायचा असेल तर संपव, पण मला नको. पित्त खवळतं.”

तात्यांनी पुडी देवळीत ठेवली. ओसरीवर बसलेल्या दोघाचौघांनी ते पाहिलं. संध्याकाळपर्यंत वाडीतल्या बहुतेक पुड्या कुठल्या ना कुठल्या देवळीत जाऊन पडल्या होत्या.

पित्ताचं तात्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. उपाशीपोटी या गोळीने खरंच मळमळतं, म्हणून तर जेवणावर घ्यायला सांगतात. पण गोळीचा उपयोग काय, हे वाडीत कुणी विचारलंच नाही. पनामाच्या जंगलात प्रशिक्षणासाठी गेलेल्या ९४० अमेरिकी सैनिकांवर झालेली एक चाचणी १९८४ साली प्रसिद्ध झाली. काहींना दर आठवड्याला हीच मात्रा दिली, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. बिनऔषधाच्या गटात लेप्टोचे २० रुग्ण निघाले, औषधाच्या गटात एक. पुढे अंदमानात आपल्याच संशोधकांनी ती गोळी देऊन पाहिली, तेव्हा जंतूचा शिरकाव थांबला नाही, पण आजारी पडणारे कमी झाले. म्हणजे ही गोळी कवचकुंडलं नव्हे. पण जो दिवसभर चिखलात उभा राहणार, त्याच्याकडे दुसरं फारसं काही नसतं. गमबूट घालून भातलावणी करून पाहावी म्हणजे कळेल. दोन पावलांत बूट चिखलातच राहतो.

लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पिळाचा, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धड न दिसणारा जंतू. उंदराच्या मूत्रपिंडात तो मुक्कामाला असतो आणि उंदराला त्याचा काही त्रास नसतो. गुरं, डुकरं, कुत्री यांच्याही अंगात तो राहतो. त्यांच्या मुतातून तो ओल्या मातीत उतरतो आणि ओल टिकली तर कित्येक आठवडे जगतो. कोकणातल्या पावसाळ्यात ओल टिकणार नाही तर काय होणार? गोठ्याचं पाणी पऱ्यात, पऱ्याचं मळ्यात, बांधाच्या बिळांत उंदीर, माळ्यावरच्या पेंढ्यात उंदीर. आणि या पाण्यात माणूस उतरतो तो अनवाणी, पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या असताना. चिखल्या ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगतो. दिवसन् दिवस पाणी पिऊन बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरीफटक होते, फुगते, मग चिरते, आणि आतला लाल ओला मांसल भाग उघडा पडतो. रात्री त्यावर मेंदी लावतात किंवा हळद आणि खोबरेल. सकाळी तोच पाय पुन्हा चिखलात. जंतूला याहून सताड उघडं दार कुठे मिळणार?

काकीच्या मळ्यात लावणी होती त्या दिवशी तिचा मुलगा तात्यांच्या मागचं जोत धरून होता. सव्वीस वर्षांचा, अंगाने भक्कम. काकीचा संसार त्याच्यावर उभा होता. तात्यांचा धाकटा मुंबईहून लावणीसाठी रजा काढून आलेला. तो बांधाच्या बिळांत हात घालून कुर्ल्या काढत होता, बोटं सगळी ओरबाडून निघालेली. न्याहारीला बांधावर बसले असताना काकीच्या मुलाने विचारलं, “तात्या, ती थोरलीची गोळी तुम्ही घेतलीत?”

“नाय रे.”

“मग मी पण नाय घेत.”

तात्या हसले. भाकरी संपवून जोतं पुन्हा चालू झाली.

नऊ-दहा दिवसांनी धाकट्याला ताप भरला. हुडहुडी भरून आला आणि अंग असं मोडून आलं की पोटऱ्यांना हात लावू देईना. डोळे लाल झाले, पण चिपडं नाहीत, पाणी नाही, नुसते लालभडक. थोरली म्हणाली, “भावोजी, आजच केंद्रावर चला.” तो निघालाही असता. पण तात्यांचं म्हणणं पडलं, पावसात भिजलाय, दोन दिवसांत उतरेल. बाजारातल्या एका खाजगी डॉक्टरकडून इंजेक्शन आणलं, ताप तेवढा वेळ उतरला, पुन्हा चढला. तिसऱ्या दिवशी तात्यांनी मुलाची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली. “कावीळ नाय. कावीळ नाय म्हणजे लेप्टो नाय.”

ही समजूत एकट्या तात्यांची नाही. जर्मनीत हायडेलबर्गला आडोल्फ वाइल या डॉक्टरने १८८६ साली ताप, कावीळ आणि मूत्रपिंडं निकामी होणं अशा तिहेरी लक्षणांनी या आजाराचं वर्णन केलं, आणि तेव्हापासून लेप्टोचं नाव काविळीशी बांधलं गेलं. पण १९८८ पासून अंदमानात पावसाळ्यानंतर माणसं तापाने पडू लागली, खोकताना रक्त पडून मरू लागली. हा नवाच कुठला ताप असावा म्हणून त्याला अंदमानचंच नाव दिलं गेलं. पोर्ट ब्लेअरच्या संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी शोध लावला तेव्हा निघाला तो लेप्टोच, फुप्फुसात शिरलेला. १९९५ साली निकाराग्वात अचुआपा या गावी अतिवृष्टीनंतर हेच घडलं. आधी सगळ्यांना डेंगी वाटला, आणि काविळीवाचून माणसं गेली. यकृताला धक्का न लावता हा आजार थेट छातीत उतरू शकतो, हे डॉक्टरांच्या जगालाही पुन्हा पुन्हा शिकावं लागलं. तात्यांनी पापणी ओढून पाहिली, त्यात काळजीच होती. फक्त ते चुकीच्या जागी बघत होते.

चौथ्या दिवशी धाकट्याला कोरडा खोकला लागला. पाचव्या दिवशी दुपारी तो परसदारी जाऊन थुंकला, आणि मागून भांडी घेऊन आलेल्या थोरलीने जांभ्यावर पडलेली थुंकी पाहिली. फेसाळ आणि तांबूस होती.

“पान खाल्लंत भावोजी?”

“नाय वैनी. तोंडाला चवच नाय.”

तिने त्याला पडवीत घोंगडीवर आडवं केलं. पैरण वर केली, मोबाइलवरचं घड्याळ समोर धरलं आणि श्वास मोजायला लागली. हे तिला तान्ह्या पोरांसाठी शिकवलेलं होतं. न्युमोनिया ओळखायचा तर पूर्ण एक मिनिट मोजायचं, अर्ध्या मिनिटाची दुप्पट करायची नाही, बोलायचं नाही, बाळाला हात लावायचा नाही, नजर पोटावरून हलवायची नाही. मोठ्या माणसाचे श्वास तिने आजवर कधी मोजले नव्हते. चांगल्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस होतात, एवढं तिला ठाऊक होतं. धाकट्याचं पोट भराभरा वर-खाली होत होतं, बरगड्यांमधली कातडी दर श्वासाला आत ओढली जात होती. छत्तीस झाले. तिने पुन्हा मोजले. अडतीस.

तात्या गोठ्यात होते. तिने त्यांना विचारलं नाही. १०८ ला फोन लावला, वाडीच्या फाट्याचा पत्ता सांगितला, आणि मग गोठ्याच्या दारात जाऊन म्हणाली, “मामंजी, गाडी बोलावली आहे. भावोजींना उचलायला चार माणसं हवीत.” तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या घरात तिने न विचारता केलेलं हे पहिलंच काम असावं. त्यांनी हातातला पेंढा टाकला आणि माणसं बोलवायला गेले.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन पाहिला, तिथेच प्रतिजैविकाचं पहिलं इंजेक्शन शिरेतून दिलं आणि रत्नागिरीला जिल्हा रुग्णालयात पाठवलं. लेप्टोच्या तपासणीचं रक्त घेतलं, पण निकालासाठी थांबले नाहीत. पहिल्या आठवड्यात ती तपासणी फसवी निघू शकते, कारण शरीरात प्रतिपिंडं तयार व्हायलाच इतके दिवस लागतात. निकालाची वाट पाहत बसणं म्हणजे हातातला वेळ घालवणं.

रत्नागिरीत एक्स-रे काढला तेव्हा दोन्ही फुप्फुसांवर पांढरे ढग उतरलेले दिसले. प्लेटलेट घसरलेल्या. श्वासनलिकेत नळी घातली तेव्हा नळीतून रक्त आलं.

तात्या बाहेर बाकावर बसून होते. डॉक्टरीणबाई येऊन त्यांच्याशी बोलल्या. मला वाटतं, चांगला डॉक्टर ओळखावा तो अशा वेळी. त्यांनी घाई केली नाही. म्हणाल्या, “फुप्फुसात हवेच्या बारीक बारीक पिशव्या असतात, कोट्यवधी. प्रत्येकीच्या भोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. हवेतला ऑक्सिजन तिथून रक्तात जातो. या आजारात त्या वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. जंतूमुळे होतात, आणि जंतूशी लढताना शरीराच्याच फौजेमुळेही होतात. मग रक्त त्या पिशव्यांत झिरपायला लागतं.”

“म्हणजे बांध फुटला,” तात्या म्हणाले.

“फुटत नाही, आजोबा. सगळीकडून पाझरतो. म्हणून तर वेळेवर कळत नाही. तोंडावाटे येतं ते थोडं, आत भरलेलं असतं ते पुष्कळ. कधी तर तोंडावाटे काहीच येत नाही, माणूस नुसता धापा टाकतो.”

अशा अवस्थेला पोचलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक दगावतात असं जगभरचा अनुभव सांगतो. हे त्यांनी तात्यांना सांगितलं नाही. एवढंच विचारलं, “तुमच्या वाडीत गोळ्या वाटल्या नव्हत्या का?”

तात्या काही बोलले नाहीत. थोरली भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, “वाटल्या होत्या.” त्यापुढे तिने एक शब्द काढला नाही.

धाकटा वाचला. आठवडाभर यंत्रावर होता, लघवी कमी झाली होती ती सुरू झाली, मग एक दिवस नळी निघाली आणि त्याने पाणी मागितलं.

पण त्याच आठवड्यात पऱ्यापलीकडे काकीच्या मुलाला ताप आला. थोरली रत्नागिरीला, दिराच्या उशाशी. तिने तिथून काकीला फोन केला, “त्याला आजच्या आज केंद्रावर ने.” काकीने मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “मला कावीळ थोडीच झालीय? उद्या बघू.” दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या रात्री तो खोकत उठला आणि त्याला आडवं पडता येईना. पाऊस कोसळत होता, पऱ्याचं पाणी साकवावरून चाललेलं. उजाडताना पाणी ओसरलं तेव्हा लोकांनी त्याला खुर्चीत बसवून पलीकडे आणला. गाडी रत्नागिरीच्या वाटेवर असतानाच तो गेला. थोरली वाडीत असती तर तिने त्याचेही श्वास मोजले असते. दोन घरांत अंतर केवढं, तर एका साकवाचं.

काकीने मुलाची पँट धुवायला काढली तेव्हा खिशात गोळ्यांची पुडी सापडली, चिखलाने माखलेली, न उघडलेली. ती तिने कुणाला दाखवली नाही, पण वाडीत अशा गोष्टी राहत नाहीत. तात्यांच्या कानावर ती आली तेव्हा ते उठून आत गेले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. ‘मग मी पण नाय घेत’ हे वाक्य त्या बांधावर फक्त त्यांनीच ऐकलं होतं. ते त्यांना कुणाला सांगताही येत नव्हतं आणि पोटात ठेवताही येत नव्हतं.

माझ्या मते माणसाचा खरा कस इथे लागतो. पुष्कळ लोक अशा वेळी नशिबावर घालतात, देवावर घालतात, सरकारवर घालतात. तात्यांनाही सगळ्यांनी तेच सांगितलं, की जाऊ दे तात्या, त्याची वेळ भरली होती. तात्यांनी ते घेतलं नाही. गणपतीत सगळे चाकरमानी आलेले असताना देवळाच्या सहाणेवर वाडीची बैठक बसली. हिशेब झाला, नारळ फुटला, आणि उठायच्या आधी तात्या उभे राहिले. म्हणाले, “पोराने मला विचारलं होतं, गोळी घेतलीत का. मी नाय म्हटलं. मी हो म्हटलं असतं तर तो आज इथे बसला असता.” वाडी गप्प राहिली. कुणीतरी चुकचुकलं. काकी बैठकीला आली नव्हती.

पुढच्या मृगाला थोरली पुन्हा डबा घेऊन निघाली. तात्यांनी भाकरी खाल्ली, ओसरीवर येऊन सगळ्यांदेखत दोन गोळ्या घेतल्या, वर तांब्याभर पाणी प्यायले आणि तिच्याबरोबर चालू लागले. त्यांना वाटलं होतं, आपण घेतली की वाडी घेईल. तसं झालं नाही. काहींनी घेतल्या. काहींनी पुडी घेऊन देवळीत टाकली. खालच्या घरचा म्हातारा म्हणाला, “तात्या, माझा जन्म चिखलात गेला. मला काय होणार?” तात्यांना आपलेच शब्द ऐकून घ्यावे लागले. ते त्याच्या उंबऱ्यावर बसले. त्याच्या सुनेला भाकरी वाढायला सांगितलं आणि तो गोळी गिळेपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या आठवड्याला पुन्हा त्याच्याकडे, तिसऱ्याला पुन्हा. गोठ्याच्या दारात चर खणून पाणी पऱ्यापासून वळवायचं, पेंढा जमिनीपासून उंच रचायचा, चिखल्या असतील तर पाय झाकल्याशिवाय मळ्यात उतरायचं नाही, ही कामंही त्यांनी आधी आपल्या घरी केली, मग एकेकाच्या घरी जाऊन. नांगरणीपेक्षा हे काम जड गेलं त्यांना. नांगरणी एकदा केली की होते.

काकीच्या घरी ते शेवटी गेले. तिने मळा खंडाने दिला होता, पण ती स्वतः रोजाने लावणीला जात होती. तिच्या पायांना चिखल्या झालेल्या तात्यांनी पाहिल्या. त्यांनी पुडी पुढे केली. काकीने हात पुढे केला नाही. बराच वेळ ती तात्यांच्या मागे उभ्या असलेल्या थोरलीकडे बघत राहिली.

“थोरले, जेवणावर घ्यायची ना?”

“हो काकी, जेवणावर. आणि लगेच आडवं पडायचं नाही.”

काकीने तात्यांच्या हातातली पुडी तशीच राहू दिली आणि थोरलीच्या डब्यातून दुसरी उचलली.

“तात्या,” ती म्हणाली, “मी घेते ती हिच्या शब्दावर. गेल्या वर्षीही हिनेच सांगितलं होतं.”